गावचे दप्तर सर्वांना वाचता यावे

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेले कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे समुद्रकिनाऱ्यापासून दूर असलेले दोन तालुके. उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत भातशेतीची गावे, तर डोंगरउतारांवर ठाकूर व कातकरी समाजाच्या वाड्या, अशी येथील वस्तीची रचना आहे. वाडीवरील एखाद्या कुटुंबाने वनहक्काचा दावा केला, तर त्याला बराच पल्ला गाठावा लागतो. ग्रामसभेत त्यावर ठराव होतो. तेथून तो कर्जतच्या उपविभागीय पातळीवरील समितीकडे जातो आणि अखेरीस अलिबाग येथील जिल्हास्तरीय समितीपुढे येतो.

एके काळी हा प्रवास केवळ कागदाचा होता. आता कागदाबरोबर संगणकावरील फाईलही प्रवास करते आणि वाटेत तिला नाना प्रकारचे संगणक भेटतात. ग्रामपंचायतीत टंकलिखित केलेला ठराव एका कार्यालयात व्यवस्थित उघडतो, दुसऱ्या कार्यालयात मुळीच उघडत नाही. तिसरीकडे उघडतो खरा, परंतु ‘ग्रामसभा’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. अशा वेळी ‘फाईल बिघडली’ असे म्हणून मजकूर पुन्हा टंकलिखित केला जातो, किंवा जुने दप्तर तसेच पडून राहते. वास्तविक बहुतेक वेळा फाईल शाबूत असते. ती ज्या पद्धतीने लिहिली गेली, ती पद्धत समोरच्या संगणकाला अवगत नसते, एवढेच. हा फरक समजून घेतला, तर फाईल उघडण्याचा मार्गही सापडतो.

प्रश्न आताच का उद्भवतो?

संगणकाचे यंत्र चालविणारी जी मूळ प्रणाली असते, तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याकडील बहुसंख्य कार्यालयांत मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज’ ही कार्यप्रणाली रुळलेली आहे. त्यांपैकी ‘विंडोज १०’ला मिळणारा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. तिच्यानंतरची ‘विंडोज ११’ अनेक जुन्या यंत्रांवर चालत नाही. त्यामुळे यंत्र धडधाकट, पण कार्यप्रणाली कालबाह्य, अशी स्थिती अनेक शाळा व ग्रामपंचायती यांच्यापुढे येऊन ठेपली आहे.

अशा यंत्रांना ‘लिनक्स’ ही मुक्त स्रोत कार्यप्रणाली नवे आयुष्य देऊ शकते. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने तिच्या गाभ्याचा प्रारंभ केला आणि पुढे जगभरच्या तंत्रज्ञांनी तिची वाढ केली. मुक्त स्रोत याचा अर्थ असा की, या प्रणालीची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, तीत बदल करता येतो आणि ती इतरांना देता येते. भारतातही प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच ‘सी-डॅक’ने, भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली २००७ पासून उपलब्ध करून दिली आहे.

परंतु कार्यप्रणाली बदलली तरी गावचे जुने दप्तर बदलत नाही. ते ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’ या मालकी हक्काच्या प्रणालीत तयार झालेले असते. नव्या घरात जुनी पेटी आणावी आणि तिची किल्ली जुन्या घरमालकाकडेच राहावी, तसा हा प्रकार होतो. म्हणून लिनक्सचा विचार करणाऱ्या प्रत्येक कार्यालयाचा पहिला प्रश्न हाच असतो की, आमच्या जुन्या फाईली उघडतील काय?

या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग फाईलच्या बांधणीचा, तर दुसरा तिच्यातील अक्षरांचा आहे. या दोन गोष्टी भिन्न असून त्यांवरील उपायही भिन्न आहेत.

फाईलची बांधणी

‘वर्ड’ ही प्रणाली १९८३ मध्ये प्रथम बाजारात आली. तिच्या फाईलच्या नावाअखेरीस ‘डॉक’ असा प्रत्यय असतो. या फाईलची अंतर्गत रचना, म्हणजे मजकूर कोठे, तक्ता कोठे, ठळक अक्षरांची खूण कोठे, हे ठरविणारे नियम कंपनीचे होते व दीर्घकाळ ते सर्वांना खुले नव्हते. इतर तंत्रज्ञांनी असंख्य फाईली तपासून हे नियम हुडकून काढले. फेब्रुवारी २००८ मध्ये कंपनीने स्वतःच ते प्रसिद्ध केल्यानंतर हे काम अधिक सुकर झाले.

दरम्यान, कार्यालयीन फाईलची रचना कोणा एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असू नये, हा विचार जगभर पुढे आला. त्यातून ‘ओपन डॉक्युमेंट’ नावाची खुली रचना तयार झाली. २००५ मध्ये तिला ‘ओएसिस’ या मानक संस्थेची आणि २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. या रचनेतील लेखी मजकुराच्या फाईलचा प्रत्यय ‘ओडीटी’ असा असतो. मायक्रोसॉफ्टनेही २००७ च्या आवृत्तीपासून ‘डॉकएक्स’ ही नवी रचना प्रचारात आणली. तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा द्यावा की नाही, यावर २००७ व २००८ मध्ये मोठा वाद झाला. भारतीय मानक ब्यूरोने त्या वेळी विरोधी मत नोंदविले होते. तथापि बहुमताने ते मानक २००८ मध्ये संमत झाले.

‘ओडीटी’ आणि ‘डॉकएक्स’ या दोन्ही फाईली म्हणजे वस्तुतः एक गाठोडे असते. गाठोडे सोडले की आत मजकूर, चित्रे आणि मांडणीच्या सूचना निरनिराळ्या ठेवलेल्या दिसतात. त्यामुळे एखादे वेळी फाईलचा काही भाग बिघडला, तरी जाणकार व्यक्ती त्यातून मजकूर सोडवून घेऊ शकते. जुन्या ‘डॉक’ फाईलमध्ये हे काम पुष्कळ अवघड असते.

आज लिनक्सवर ‘लिब्रेऑफिस’ हा मुक्त स्रोत कार्यालयीन संच सर्वत्र वापरला जातो. त्याची वंशावळ ‘स्टारऑफिस’ या जर्मन संचापर्यंत जाते. सन कंपनीने तो संच विकत घेऊन २००० मध्ये त्याची संहिता खुली केली. त्यातून ‘ओपनऑफिस’ उदयास आले आणि २०१० मध्ये त्याच्यापासून ‘लिब्रेऑफिस’ वेगळे झाले. हा संच विनामूल्य मिळतो, त्याचे मराठी रूपही उपलब्ध आहे आणि तो ‘डॉक’, ‘डॉकएक्स’ व ‘ओडीटी’ या तिन्ही प्रकारच्या फाईली उघडतो. सारांश, बांधणीचे कुलूप आता बव्हंशी उघडले गेले आहे. मराठी कार्यालयांपुढील खरी अडचण अक्षरांची आहे.

अक्षरांची अडचण

संगणक अक्षरे साठवीत नाही. तो क्रमांक साठवितो. कोणत्या क्रमांकाचे कोणते अक्षर, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेला संकेतप्रणाली म्हणतात. संगणकावरील मराठीच्या पहिल्या काळात निरनिराळ्या कंपन्यांनी व संस्थांनी आपापले फॉन्ट काढले. ‘श्रीलिपी’, ‘आकृती’, ‘कृतिदेव’ व सी-डॅकच्या प्रणालीतील ‘डीव्ही’ने सुरू होणारे फॉन्ट ही नावे जुन्या लिपिकांच्या परिचयाची आहेत. त्या काळाच्या मर्यादेत या फॉन्टनी मोठी कामगिरी केली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांची युक्ती अशी होती की, रोमन अक्षरांसाठी व चिन्हांसाठी असलेल्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवावयाचे. फॉन्ट संगणकात असेल तोवर मराठी दिसते. तो नसेल तर त्याच क्रमांकांची मूळ रोमन अक्षरे उघडी पडतात. खिचडी दिसते ती यामुळे.

यावर उपाय म्हणून ‘युनिकोड’ ही जागतिक संकेतप्रणाली आली. १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत जगातील प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे व देवनागरीची मांडणी भारताच्याच ‘इस्की’ या मानकाच्या आधारे केलेली आहे. युनिकोडमध्ये लिहिलेला ‘क’ हा विंडोजवर, लिनक्सवर आणि खिशातील मोबाईलवरही ‘क’च राहतो.

या अडचणीचे स्वरूप ध्यानी येण्यासाठी मोडी लिपीचे स्मरण उपयुक्त ठरेल. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महसूल व जमिनीचे कागद मोडीत लिहिले जात. रायगड जिल्ह्याला १९८१ पूर्वी कुलाबा हे नाव होते. त्या जुन्या काळातील कुळांचे व वहिवाटीचे कागद अनेक घरांत आजही आहेत. कागद आहे, शाई आहे, भाषा मराठीच आहे. परंतु वाचणारा नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध हाती घेण्यात आला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची गरज राज्यभर किती भासली, हे सर्वांनी पाहिले. जुन्या फॉन्टमधील फाईली या अशाच मार्गाने चालल्या आहेत. फरक एवढाच की, मोडीला अपरिचित होण्यास काही दशके लागली. या फाईलींना काही वर्षे पुरतील.

वनहक्क कायदा २००६ चा व त्याचे नियम २००८ चे आहेत. दाव्यांच्या पहिल्या काळात मराठी टंकलेखन मोठ्या प्रमाणावर जुन्या फॉन्टमध्येच होत असे. त्या काळातील ठराव, पाहणीचे अहवाल व दावेदारांच्या याद्या पुढील अपिलाच्या वेळी वा फेरतपासणीच्या वेळी वाचता येणे, हा त्या कुटुंबांच्या हक्काचा प्रश्न आहे.

फाईल कशी उघडावी?

प्रथम मूळ फाईलची प्रत काढून मूळ फाईल बाजूस ठेवावी. सर्व प्रयोग प्रतीवर करावेत. त्यानंतर प्रत ‘लिब्रेऑफिस’मध्ये उघडून पडद्यावर काय दिसते, ते पाहावे. चार शक्यता संभवतात.

मराठी मजकूर स्वच्छ दिसला, तर फाईल बहुधा युनिकोडमध्ये आहे. खात्री करून घेण्यासाठी शोधाच्या चौकटीत युनिकोडने ‘कर्जत’ असा मजकुरात असलेला एखादा शब्द टाकावा. तो सापडला, तर काळजीचे कारण नाही. शब्द डोळ्यांना दिसत असूनही सापडत नसेल, तर मजकूर जुन्या फॉन्टमधील असून तो फॉन्ट त्या संगणकात अगोदरच बसविलेला आहे, असे समजावे.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर संगणकात देवनागरी फॉन्ट नाही. ‘लोहित देवनागरी’, ‘नोटो’ किंवा सी-डॅकचा ‘सकल भारती’ यांसारखा विनामूल्य युनिकोड फॉन्ट बसविला की चौकोन जाऊन अक्षरे येतात.

रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे. मजकुरावर चिन्हक ठेवले असता वरच्या पट्टीत मूळ फॉन्टचे नाव दिसते. ते टिपून ठेवावे. तो फॉन्ट कार्यालयाने रीतसर घेतलेला असेल, तर परवान्याच्या अटी पाहून लिनक्सवरही बसविता येतो आणि मजकूर वाचता येतो. मात्र हा तात्पुरता उपाय होय. कायमचा उपाय म्हणजे रूपांतरक प्रणालीच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणणे. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असल्यामुळे फॉन्टचे नाव अचूक ठाऊक असणे येथे महत्त्वाचे ठरते.

मजकूर मराठी दिसतो, परंतु अधूनमधून ठिपक्यांचे लहान वर्तुळ व त्याला चिकटलेली मात्रा दिसते, ही चौथी शक्यता. रूपांतर अपुरे झाल्याची ती खूण आहे.

यानंतर मजकूर ‘ओडीटी’ रचनेत जतन करावा. ज्या दस्तऐवजात पुढे बदल करावयाचा नाही, त्याची ‘पीडीएफ’ प्रतही काढावी. दीर्घकालीन जतनासाठी ‘पीडीएफ-ए’ हा विशेष प्रकार २००५ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. फॉन्ट फाईलमध्येच अंतर्भूत करण्याची त्यात अट असल्यामुळे तो दुसऱ्या संगणकावरही तसाच दिसतो. लिब्रेऑफिसमध्ये ही सोय उपलब्ध आहे.

रुजुवात हवीच

नक्कल मुळाबरहुकूम आहे की नाही, हे ताडून पाहण्याची रुजुवातीची पद्धत कार्यालयांत पूर्वापार चालत आली आहे. संगणकाने केलेल्या रूपांतरालाही ती लागू करणे अगत्याचे आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठविलेली असतात, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवितात. ‘अलिबाग’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी जुन्या पद्धतीत ‘ल’च्या आधी, तर युनिकोडमध्ये ‘ल’च्या नंतर येते. ‘कर्जत’मधील रफार जुन्या पद्धतीत ‘ज’नंतर येतो, तर युनिकोडमध्ये त्याचा ‘र’ ‘ज’च्या आधी असतो. रूपांतरकाला ही अदलाबदल जमली नाही, की गावाचे नावच बदलून जाते.

मराठीच्या खास ‘ऱ्य’ या जोडाक्षराकडे विशेष लक्ष पुरवावे. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. चतुःसीमा लिहिताना एकाच्या जागी दुसरा आला, तर सह्याद्रीच्या कुशीतील जमीन सागरकिनारी जाऊन बसेल. हा विनोद वाटला, तरी दावेदाराच्या आडनावात, गटाच्या क्रमांकात किंवा क्षेत्राच्या आकड्यात अशी चूक राहिली, तर तिचे परिणाम विनोदी नसतात. म्हणून एकाने स्वाक्षरी असलेली कागदी प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने पडद्यावरील मजकूर तपासावा. स्वाक्षरीची मूळ प्रत हाच आधार असून रूपांतरित फाईल ही तिची सोय करणारी नक्कल आहे, याचा विसर पडू नये.

मर्यादांची जाणीव

लिनक्सवर सर्व काही जसेच्या तसे उघडते, असा दावा करणे योग्य होणार नाही. मूळ फाईलमधील ‘मंगल’सारखा फॉन्ट नव्या संगणकावर नसेल, तर त्याच्या जागी दुसरा येतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात आणि चार पृष्ठांचा ठराव पाच पृष्ठांवर जातो. गुंतागुंतीचे तक्ते विस्कटू शकतात. ज्या नमुन्यांत आकडेमोडीच्या किंवा आपोआप चालणाऱ्या आज्ञा गुंफलेल्या असतात, ते नमुने नीट चालतीलच असे नाही. परवलीचा शब्द घातलेल्या फाईलसाठी तो शब्द ठाऊक असावाच लागतो. म्हणून एकाच दिवशी सर्व संगणक बदलण्याऐवजी, नेहमीच्या वापरातील काही फाईली व नमुने प्रथम उघडून पाहावेत आणि मगच निर्णय घ्यावा, हे श्रेयस्कर.

जर्मनीतील म्युनिक शहराचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. तेथील नगरपालिकेने लिनक्सकडे जाण्याचा मोठा कार्यक्रम २०१३ मध्ये पूर्ण केला, परंतु २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरविले. उलट, त्याच देशातील श्लेस्विग-होलस्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपल्या सुमारे ३०,००० संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचा निर्णय जाहीर केला. प्रणालीची निवड पालटू शकते. फाईल खुल्या रचनेत असेल, तर त्या निवडीमुळे दप्तर अडत नाही, हा यातील मुख्य धडा होय.

धोरण व देशातील अनुभव

केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्ये आणि मुक्त स्रोत प्रणालींच्या स्वीकाराचे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले. भारतीय भाषांसाठी युनिकोड हेच मानकही त्यापूर्वी, २००९ मध्ये ठरविण्यात आले होते. केरळ राज्याने शालेय संगणक शिक्षणात मुक्त स्रोत प्रणालींचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला आहे.

याहून जवळचे उदाहरण न्यायालयांचे आहे. जिल्हा व तालुका न्यायालयांच्या संगणकीकरणासाठी राबविण्यात आलेल्या ई-न्यायालय प्रकल्पाने मुक्त स्रोत प्रणालींचा पाया स्वीकारला, न्यायाधीशांना व कर्मचाऱ्यांना ‘उबुंटू’ या लिनक्स प्रणालीचे प्रशिक्षण दिले आणि खटल्यांची माहिती ठेवणारी प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील पथकाने विकसित केली. कर्जत व खालापूर येथेही न्यायालये आहेत. लिनक्स ही केवळ तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेतील वस्तू आहे, हा समज यावरून दूर व्हावा.

गाव पातळीवर काय करता येईल?

मोठ्या खर्चाची वाट न पाहता काही कामे लगेच हाती घेता येण्यासारखी आहेत. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, ज्यांना गावात अजूनही ग्रामसेवक म्हणूनच ओळखतात, आपल्या संगणकातील जुन्या फाईलींची यादी करावी. फाईल कोणत्या वर्षाची, कोणत्या रचनेतील, कोणत्या फॉन्टमधील, हे तीत लिहावे. ठराव, दावे, कर आकारणी आणि मालमत्तेच्या नोंदी यांना अग्रक्रम द्यावा. यापुढील सर्व मराठी टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. त्यासाठी ‘इनस्क्रिप्ट’ ही कळफलकाची मानक मांडणी लिनक्सवर उपलब्ध असते. जुन्या टंकलेखन यंत्राचा हात बसलेल्यांना त्या मांडणीनेही युनिकोडमध्ये लिहिता येते; कळफलक आणि संकेतप्रणाली या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात घ्यावे.

शिक्षकांनी शाळेतील एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवून वरच्या वर्गातील मुलांना युनिकोड टंकलेखन शिकविले, तर गावाला हा विषय समजणारे हात मिळतील. पंचायत सदस्यांनी मासिक सभेत एवढे अवश्य विचारावे की, आपली फाईल दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर उघडून पाहिली आहे काय आणि तिची एक प्रत अन्यत्र सुरक्षित आहे काय. वरिष्ठ कार्यालयांनीही गावांकडून माहिती मागविताना विशिष्ट कंपनीच्या प्रणालीवाचून चालणार नाही असे नमुने टाळले, तर पुष्कळ श्रम वाचतील.

कोकणातील पाऊस, दमट हवा आणि वाळवी यांपासून कागदाचे दप्तर जपण्याची सवय आपल्या कार्यालयांना आहे. संगणकातील दप्तराला वाळवी लागत नाही. पण वाचण्याचे साधन नाहीसे झाले, तर ते असूनही नसल्यासारखेच होते. डोंगरावरील वाडीत राहणाऱ्या माणसाने २००९ मध्ये आपल्या जमिनीविषयी जे लिहून दिले, ते त्याच्या नातवाला कोणत्याही संगणकावर, कोणाच्याही परवानगीवाचून वाचता आले पाहिजे. ते दप्तर वाडीचेच आहे आणि ते वाचण्याची किल्लीही वाडीजवळच असावयास हवी.